एकाहत्तर ओळी

१

डोंगरातल्या पाड्यांसाठीची नवी अँब्युलन्स मोलगीला ठेवायची, असं सोमवारच्या बैठकीत ठरलं. गुरुवारी सकाळी योगिता मावचीच्या लक्षात आलं, की ज्या आकड्यांवरून हे ठरलं ते आकडे कुणीतरी बदललेले आहेत.

अँब्युलन्स देणाऱ्या संस्थेची योगिता जिल्ह्यातली समन्वयक. अहवालाला जोडायचे कागद ती लावत होती. जानेवारीत काढलेली आकड्यांची छापील यादी तिच्या कपाटात होती, आणि नवी यादी नुकतीच प्रिंटरमधून बाहेर पडली होती. सहज दोन्ही शेजारी धरल्या, तर ओळी जुळेनात. खडकापाणीच्या आरोग्यकेंद्राच्या जुन्या नोंदवहीतले, चार वर्षांतले ते दोनशे चौदा फोन होते. फोन कोणत्या दिवशी, किती वाजता आला, गाडी किती वेळात पोचली, एवढंच प्रत्येक ओळीत. सपाटीवरच्या गावांच्या ओळी जशाच्या तशा होत्या. डोंगरातल्या पाड्यांच्या एकाहत्तर ओळी मात्र सगळ्या वेगळ्या होत्या. जुन्या यादीत तिथे गाडी सरासरी चोपन्न मिनिटांत पोचत होती. नव्या यादीत दोन तासांत.

जुने आकडे धरले तर गाडी धडगावला ठेवणं सोयीचं ठरत होतं. नव्या आकड्यांनी पारडं मोलगीकडे झुकलं होतं.

योगिताने संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आकड्यांचं काम कुणाकडे होतं? तिने नाव सांगितलं, रविना पावरा. पोरगी कुठली? मोलगीच्या वरच्या पाड्यातली. मग त्यात शोधायचं काय, असं अध्यक्ष म्हणाले. शनिवारी पुन्हा बैठक घेऊ, गाडी धडगावला देऊ आणि त्या पोरीविरुद्ध तक्रार करू.

योगिताने फोन ठेवला आणि दुपारच्या आत ती लोणखेड्याला निर्मला गावितांच्या दारात उभी राहिली.

निर्मलाबाईंनी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. मूळच्या नवापूरकडच्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. योगिता त्यांची विद्यार्थिनी आणि रविनाही. त्या वेळी त्या घरामागच्या पपईच्या रोपांमधली ठिबकची नळी साफ करत होत्या. हात पुसून त्यांनी दोन्ही याद्या घेतल्या आणि ओट्यावर बसून बराच वेळ बघितल्या.

"रविनाने केलं असं तुला वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला वाटत नाही, मॅडम. पण बदल तिच्या नावावर नोंदलेला आहे."

२

रविनाने तीन वर्षं खपून एक सॉफ्टवेअर लायब्ररी तयार केली होती. तिचं नाव 'रांग'. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच. ही खुली होती. कुणीही फुकट घ्यावी, वापरावी, सुधारावी. वेगळं काही बसवावं लागत नसे, साध्या ब्राउझरमध्ये ती चालायची. बँकेतली रांग असो, बस डेपो असो की दवाखाना, कुठे काय घडतं ते तिला सांगायचं, आणि ती त्या जागेचं अख्खं वर्ष पडद्यावर क्षणात घडवून दाखवायची. तिचं घड्याळ मिनिटामिनिटाने पुढे सरकत नसे. एका घटनेवरून ते थेट दुसऱ्या घटनेवर उडी मारायचं. फोन आला, गाडी निघाली, गाडी पोचली. मधल्या ज्या वेळात काही घडत नाही, तो वेळ ते ओलांडून जायचं.

अँब्युलन्सचं मॉडेल याच लायब्ररीवर उभं होतं. त्याची सगळी कामं कॉलेजच्या लॅबमध्ये व्हायची, आणि ती करणारी माणसं तीनच होती.

एक रविना. दुसरा रोशन वळवी, नवापूरचा, तिच्यासारखाच शिकून तिथेच तासावर शिकवणारा. तिसरे सुपडू पाटील. ते लॅब असिस्टंट, पंचेचाळिशीचे, लोणखेड्याचेच. नोंदवहीचे फोटो पाहून सगळे आकडे संगणकात भरले होते ते त्यांनी.

निर्मलाबाई लॅबमध्ये पोचल्या तेव्हा रविना एकटीच बसली होती. तिला सगळं कळलेलं होतं. खुल्या लायब्ररीत काहीही लपत नाही, कुणी कोणती ओळ कधी बदलली ते कायम नोंदलेलं राहतं, हे तिनेच त्यांना दाखवलं. एकाहत्तर ओळींपुढे तारीख होती याच महिन्याची नऊ, वेळ अकरा चाळीस, नाव रविना पावरा, आणि संगणक याच लॅबमधला.

"नऊ तारखेला तू कुठे होतीस?"

त्या दिवशी मोलगीचा बाजार होता, रविना म्हणाली. ती सकाळच्या जीपने आजीकडे निघाली होती. अकरा चाळीसला ती घाटात होती, आणि घाटात रेंज नसते.

"तुला ओळखणारं कुणी होतं जीपमध्ये?"

"दलसिंगभाऊंची जीप. पण ते माझ्याच पाड्याचे आहेत, मॅडम. त्यांचं कोण ऐकणार?"

निर्मलाबाईंनी तरी दलसिंगला फोन लावला आणि रविनाचं नावही न काढता विचारलं, की नऊ तारखेला घाटात काही विशेष घडलं का. दलसिंग म्हणाला, साडेअकराला दुसऱ्या वळणावर गाडी तापली होती, तासभर थांबावं लागलं. पाणी आणायला रविनाला आणि दोन बायांना ओढ्यावर पाठवलं होतं. न विचारता आलेलं उत्तर निर्मलाबाईंना पुरेसं वाटलं.

रविनाचं खातं लॅबच्या संगणकावर उघडंच असायचं. म्हणजे तिचं नाव कुणीही वापरू शकत होतं. पण तिच्या सांगण्यावरूनही वापरू शकत होतं. रविनाला ओझं उतरल्यासारखं वाटू लागलं होतं, तेवढ्यात निर्मलाबाईंनी हे बोलून दाखवलं.

३

रोशनला त्यांनी कॉलेजच्या आवारात गाठलं. तो चिडलेला होता, आणि ते त्याने लपवलंही नाही. रविनाशी त्याचं महिन्यापूर्वी भांडण झालं होतं. पुण्याच्या एका कंपनीला 'रांग' विकत हवी होती. रोशनच्या मते द्यायला हवी होती. रविना म्हणाली होती, जे सगळ्यांचं आहे ते मी कुणा एकाला कसं देऊ?

"म्हणजे तिचं नाव खराब झालं तर तुझं काम सोपं होतं," निर्मलाबाई म्हणाल्या.

रोशनने नाही म्हटलं. खोटे आकडे निघालेली लायब्ररी कोण घेईल, असं त्याने विचारलं. कंपनीचा माणूस आजच फोनवर हात झटकून मोकळा झाला होता. नऊ तारखेला अकरा ते बारा तो शेजारच्या वर्गात शिकवत होता. मध्ये एकदा प्रोजेक्टर बंद पडला म्हणून सुपडूभाऊंना बोलवायला लॅबमध्ये आला होता. भाऊ संगणकापाशी बसले होते आणि लगेच उठून आले. वेळ? ते त्याला आठवत नव्हतं.

सुपडूभाऊंकडे निर्मलाबाईंनी फार चौकशी केली नाही. त्या भाऊंना पंधरा वर्षं ओळखत होत्या. मधली चार वर्षं ते कुठेतरी कंत्राटावर नोकरीला गेले होते, परत आले ते जास्तच अबोल होऊन. त्या दिवशी काय करत होतात, असं विचारल्यावर ते म्हणाले, टायपिंग करत होतो, आणि कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले.

संध्याकाळी घरी निर्मलाबाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि नव्या यादीतल्या एकाहत्तर आकड्यांचा शेवटचा अंक तेवढा वहीत उतरवला.

त्यांच्या वर्गात दरवर्षी हा धडा असायचा. माणसाला वय विचारा, तो चाळीस सांगतो, पंचेचाळीस सांगतो, त्रेचाळीस क्वचित सांगतो. घड्याळाचंही तसंच. माणसाने लिहिलेल्या वेळा पाचावर आणि शून्यावर गोळा होतात. सपाटीवरच्या ओळी तशाच होत्या, वीस, पंचवीस, चाळीस. पण या एकाहत्तर ओळींत एकपासून नऊपर्यंतचे सगळे अंक आणि शून्य सारखेच विखुरले होते. ज्याने हे आकडे तयार केले त्याच्यापुढे घड्याळ नव्हतं. हे आकडे यंत्राने पाडलेले होते.

मग त्यांनी तेच जुन्या यादीचं केलं. खरी यादी कशी दिसते हे शेजारी असावं, एवढाच हेतू होता. थोड्या वेळाने त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

जुन्या यादीत डोंगरातले एकाहत्तर फोन होते. पन्नास मिनिटं, पंचावन्न, अठ्ठावन्न, पंचावन्न. साठच्या वर एकही नाही. एकसष्ट नाही, सत्तर नाही. चार वर्षं, एवढे घाट, एवढे पावसाळे, आणि एकदाही गाडीला तासापेक्षा जास्त वेळ लागला नव्हता.

त्यांनी योगिताला फोन केला. खोटी यादी एक नाही, दोन आहेत, असं सांगितलं.

४

शुक्रवारी सकाळी त्या पुन्हा लॅबमध्ये आल्या. रविना आणि योगिता दोघी होत्या. निर्मलाबाईंनी रविनाला विचारलं, की तुझी लायब्ररी आकडे पाडते ते कसे?

रविनाने सांगितलं. यंत्राला आपल्या मनाने कोणताही आकडा सुचत नाही. त्याला सुरुवातीला एक संख्या द्यावी लागते. तिला बीज म्हणतात. त्या बीजातून पुढचे आकडे उगवतात. तेच बीज दिलं, की तेच आकडे, त्याच क्रमाने, कधीही आणि कुठेही. बाकीच्या लायब्रऱ्या बीज दिलं नाही तर स्वतःच काहीतरी घेतात. रविनाने मात्र मुद्दाम तसं ठेवलं नव्हतं. बीज दिल्याशिवाय 'रांग' चालायचीच नाही, म्हणजे कुणीही कुणाचं उत्तर पडताळून पाहू शकेल.

"म्हणजे ज्याने हे आकडे पाडले त्याने स्वतः एक संख्या टाकली," निर्मलाबाई म्हणाल्या. "माणूस संख्या कुठून आणतो?"

योगिता म्हणाली, जन्मतारीख. लग्नाची तारीख. ती स्वतः फोनचं कुलूप तसंच लावते.

रविनाने दहा ओळींचा कोड लिहिला. एकोणीसशे साठपासून आजपर्यंतची प्रत्येक तारीख आठ अंकांत बीज म्हणून द्यायची, त्यातून आकडे पाडायचे आणि ते यादीशी ताडून पाहायचे. तेवीस हजारांहून जास्त तारखा होत्या. आकडे नंतर ताणले असतील, मोठे केले असतील, अशी शंका तिने काढली. निर्मलाबाई म्हणाल्या, कितीही ताण, कोणता आकडा कोणापेक्षा मोठा हा क्रम तर बदलत नाही ना? तेवढाच बघ.

ब्राउझरला मिनिटभरही लागलं नाही. पडद्यावर एकच ओळ आली. १८०७२०१९. अठरा जुलै दोन हजार एकोणीस.

ती कुणाचीच जन्मतारीख नव्हती. लग्नाचीही नव्हती. आणि यादीशी ती सत्तर ओळींना जुळत होती. एक ओळ जुळत नव्हती.

रविनाने ती ओळ शोधून काढली. जुन्या यादीत तिथे पंचावन्न मिनिटं होती, नव्या यादीत दोनशे दहा. यंत्राने तिथे दुसरा आकडा पाडला असता. हा कुणीतरी हाताने लिहिला होता. त्या ओळीची तारीख होती अठरा जुलै दोन हजार एकोणीस.

"या यादीतला हा एकच आकडा कदाचित खरा आहे," निर्मलाबाई म्हणाल्या.

योगिताने खडकापाणीच्या ओळखीच्या नर्सला फोन लावला. त्या वर्षी तिथे फोन घ्यायला कोण बसायचं, एवढंच विचारलं. उत्तर ऐकून तिने फोन खाली घेतला आणि दाराकडे पाहिलं.

५

सुपडूभाऊ दारातच उभे होते. ते बराच वेळ तिथे असावेत.

"मॅडम, रविनाताईले काही इचारू नका," ते अहिराणीत म्हणाले. "ती फाइल मी बदलेल शे."

निर्मलाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत.

खडकापाणीला ते चार वर्षं कंत्राटी ऑपरेटर होते. डोंगरातून फोन आला की वेळ लिहायची, गाडी पोचल्याचं कळलं की ती वेळ लिहायची. वरच्या साहेबाचा नियम होता, तासाच्या आत दाखवायचं. गाडी तीन तासांनी पोचली तरी चालेल, कागदावर तास ओलांडायचा नाही. मग फोनची वेळ पुढे ढकलायची. आकडा बदलायला अर्धं मिनिट लागायचं. कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपायचं आणि सही त्याच साहेबाची लागायची. एकाहत्तर वेळा त्यांनी ते केलं.

सत्तर वेळांचं त्यांना काही आठवत नव्हतं. एक आठवत होतं. अठरा जुलैला सकाळी एका पाड्यावरून एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. सून अडली होती. तिची मराठी तुटकी होती, यांना पावरी बोली येत नव्हती, पण समजायचं ते समजलं. त्या दिवशी गाडी दुसरीकडे गेलेली होती. बाईचे पुढच्या दोन तासांत चार फोन आले. गाडी पोचली तेव्हा पावणेदोन होऊन गेले होते. दिवली नावाची ती सून वाटेत गेली, आणि मूलही.

"फोन दहा वीसले उना व्हता. मीच लिखेल व्हता. दुसरा दिन साहेब बोलनात, बारा पंचावन्न कर. मी कयं."

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. आणि पाच वर्षांनी, याच लॅबमध्ये, त्याच नोंदवहीचे फोटो त्यांच्यासमोर आले. आपणच केलेले आकडे त्यांनी पुन्हा एकदा टाइप केले. मॉडेल चाललं आणि पडद्यावर उत्तर आलं, डोंगरात गाडी वेळेवर पोचते, मोलगीला दुसरी ठेवायची गरज नाही. ते उत्तर पाहून रात्रंदिवस चैन पडेना. खऱ्या वेळा कुठेच उरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी 'रांग'मधूनच नव्या पाडल्या, आणि एक तेवढी हाताने लिहिली.

रविना म्हणाली, "माझ्या नावावर का, भाऊ?"

"तुन्हा नाववर कोनी शंका लेवाव नही, अशे वाटनं," ते म्हणाले. मग म्हणाले, की गुरुवारी सगळं कळल्यावर बोलायला हवं होतं. दिवसभर तोंड उघडलं नाही. ती चूक आकड्यांहून मोठी होती.

निर्मलाबाईंना त्या माणसाचा राग येत होता आणि येतही नव्हता. पहिली यादी खऱ्या नोंदवहीतून आली होती आणि ती धादांत खोटी होती. दुसरी संगणकाने पाडली होती आणि ती बहुधा सत्याच्या जास्त जवळ होती. तरी वर्गात तीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी मार्क कापले, ती हीच होती.

"भाऊ, तुम्हाला खरं माहीत होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "ते सांगायला तोंड होतं. आकडा कशाला पाडलात?"

"लॅब असिस्टंटनं कोन ऐकस, मॅडम?"

निर्मलाबाईंनीही काल त्यांच्याकडेच सर्वांत कमी चौकशी केली होती.

६

शनिवारच्या बैठकीत सुपडूभाऊंनी हेच सगळं, याच शब्दांत सांगितलं. अध्यक्षांना दोन्ही याद्या नाकारायच्या नव्हत्या, जुनी चालली असती. निर्मलाबाईंनी जुन्या यादीतले साठच्या खालचे एकाहत्तर आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, की घाटात एकही गाडी एकसष्टाव्या मिनिटाला कशी पोचली नाही, हे मला समजावून सांगा. निर्णय सहा आठवडे पुढे गेला.

त्या सहा आठवड्यांत वेळा नव्याने मोजल्या गेल्या. पाड्यांवरच्या आशाताई आणि जीपवाले फोन केल्याक्षणी आणि गाडी दारात आल्याक्षणी योगिताला निरोप पाठवत, आणि निरोपावर वेळ आपोआप पडत असे. रोशनने त्यासाठी एक वेबपान बनवून दिलं. लायब्ररी विकण्यावरून त्याचं आणि रविनाचं अजून पटत नव्हतं, पण हे काम त्याने नीट केलं. डोंगरातली सरासरी निघाली एक तास एकेचाळीस मिनिटं. जुन्या यादीच्या जवळजवळ दुप्पट, आणि सुपडूभाऊंनी पाडली होती त्यापेक्षा कमी. मॉडेलने उत्तर दिलं मोलगी. या खेपेला ते कुणालाही पडताळून पाहता येत होतं. संस्थेने गाडी मोलगीला दिली. कॉलेजने सुपडूभाऊंना तीन महिने कामावरून दूर ठेवलं. त्यांनी ते मान्य केलं. जुन्या साहेबाविरुद्धचा अर्ज योगिताने जिल्ह्याला पाठवला. त्याचं अजून काही कळलेलं नाही.

मग एके दिवशी सुपडूभाऊंनी रविनाला विचारलं, की ती त्यांना त्या पाड्यावर नेईल का. त्यांना भाषा येत नव्हती.

दलसिंगच्या जीपने ते दोघे गेले. जीप जिथे थांबते तिथून तासभर चालायचं होतं. कालीबाई, दिवलीची सासू, अंगणात मोहाच्या बिया, टोळ्या, वाळत घालत होती. रविनाने पावरीत ओळख सांगितली. बाईने त्यांना खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं.

गेली पाच वर्षं पाड्यावर कालीबाईबद्दल काय बोललं जातं, ते रविनाला येताना दलसिंगने सांगितलं होतं. हिने घरीच बाळंतपण करायचा हट्ट धरला, फोन उशिरा केला, असं लोक म्हणत. सरकारी कागदावरही तसंच होतं, दुपारी बारा पंचावन्न. तिचा मुलगा, दिवलीचा नवरा, तो कागद वाचून घरातून गेला तो गुजरातेत ऊस तोडायला. पैसे पाठवायचा. बोलायचा नाही. कधीकधी कालीबाईलाही वाटून जायचं, की आपल्यालाच वेळ नीट आठवत नसेल.

सुपडूभाऊ खाटेवरून उठून खाली जमिनीवर बसले. त्यांनी अहिराणीत सांगितलं आणि रविनाने एकेक वाक्य पावरीत केलं. फोन दहा वाजून वीस मिनिटांनी आला होता. तो मीच घेतला. वेळ मीच लिहिली आणि मीच बदलली. तुम्ही उशीर केला नव्हता.

कालीबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. ती उठून आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून मोबाइल घेऊन आली. अंगणाच्या वरच्या कडेला एक मोठा दगड होता. तिथे उभं राहिलं की रेंज मिळते, असं तिने खुणेने सांगितलं. तिने स्वतःच नंबर लावला आणि फोन सुपडूभाऊंच्या हातात दिला.

ती रविनाला काहीतरी म्हणाली. रविनाने ते भाऊंना सांगितलं.

"म्हणते, मला सांगून काय उपयोग, मला तर माहीत होतं. माझ्या पोराला सांगा."

फोन वाजत होता. सुपडूभाऊ दगडावर चढून उभे राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडून एका पुरुषाने आईला हाक मारावी तसं काहीतरी म्हटलं. सुपडूभाऊंनी आपलं नाव सांगितलं, आणि मग वेळ सांगितली.